दुसऱ्या शनिवारची चोरी

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. चोरांनाही ते माहीत होतं. दुपारी तीनच्या सुमारास पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांवर जगभरातल्या एटीएममधून पैसे निघायला लागले. रात्री दहापर्यंत २८ देशांत व्हिसा कार्डांचे सुमारे बारा हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. देशातल्या देशात रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून आणखी अडीच कोटी निघाले. रविवार मध्ये गेला. सोमवारी, १३ तारखेला, बँकांचे परदेशी व्यवहार ज्या स्विफ्ट यंत्रणेतून होतात तिच्यातून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर वळते झाले. सगळी बेरीज ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेवर चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायची वेळ आली.

सायबर सुरक्षा सल्लागार नेमकं काय करतो, असं तरुण मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना व्याख्या सांगत बसत नाही, हे प्रकरण सांगतो. रात्रीअपरात्री धावून जाण्यापासून ते धावावंच लागू नये म्हणून वर्षानुवर्षं करायच्या रटाळ कामापर्यंत या व्यवसायाचं सगळं अंग त्यात दिसतं.

आधी चोरी झाली कशी ते पाहू. एटीएममध्ये आपण कार्ड घालतो तेव्हा यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते एक संदेश तयार करतं: कार्डाचा क्रमांक, रक्कम, वेळ, यंत्राचा क्रमांक. या संदेशाचा साचा जगभर एकच आहे, त्याला आयएसओ ८५८३ म्हणतात. संदेश व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या सर्व्हरकडे जातो. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला, विचारतो की या खात्यात एवढे पैसे आहेत का. उत्तर आलं की स्विच ते उलट टपाली पाठवतो. उत्तराच्या संदेशात ३९ क्रमांकाचा एक रकाना असतो आणि त्यात दोनच आकडे असतात. ५१ आले तर शिल्लक अपुरी. ०० आले तर पैसे द्या.

कॉसमॉसच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी एकाही खात्याला हात लावला नाही. त्यांनी मालवेअर घालून एक नकली स्विच उभा केला आणि बाहेरून येणारे प्रश्न त्याच्याकडे वळवले. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत पोचलाच नाही. नकली स्विच येईल त्याला ०० म्हणत राहिला. म्हणूनच ग्राहकांची शिल्लक सुरक्षित आहे, असं बँक सांगू शकली, आणि ते खरं होतं. आमची यंत्रणा सुरक्षित आहे, असं रुपे चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळानेही सांगितलं, तेही खरंच होतं. ज्याच्या त्याच्या हद्दीत सगळं शाबूत होतं, आणि तरी बँकेचे ९४ कोटी गेले होते. या व्यवसायात पुढे फार वेळा भेटणारी ही परिस्थिती आहे: दोन यंत्रणांच्या मधली जागा कोणाच्याच वहीत लिहिलेली नसते.

पैसे यंत्रातून आपोआप बाहेर पडत असले तरी ते उचलायला माणसं लागतात. बनावट कार्डं घेऊन ठरल्या वेळी ठरल्या एटीएमसमोर उभी राहणारी ही माणसं कोल्हापुरात होती, मुंबईत होती, इंदुरात होती, परदेशात तर शेकड्यांनी असणार. महाराष्ट्रातल्या काही जणांना सिनेमात एटीएममधून पैसे काढण्याचं छोटं काम आहे असं सांगून आणलं होतं, असं बीबीसीच्या शोधमालिकेत नोंदलं गेलं आहे. पुणे पोलिसांच्या विशेष तपास पथकाने सीसीटीव्ही चित्रणावरून आणि मोबाइलच्या नोंदींवरून अनेकांना गाठलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी काही कोटी परत आले. खरे सूत्रधार मात्र कोणाच्या हाती लागले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या २०१९ च्या अहवालात या चोरीचा ठपका उत्तर कोरियाशी संबंधित हल्लेखोरांवर ठेवलेला आहे.

आता अशा दिवशी ज्याला फोन जातो त्या माणसाकडे वळू. संकटात बोलावल्या जाणाऱ्या पथकाला धंद्यात नुसतं ‘आयआर’ म्हणतात, म्हणजे इन्सिडंट रिस्पॉन्स. पथक पोचतं तेव्हा बँकेत काय चित्र असतं? अध्यक्षांच्या दालनात पाच माणसं एकदम बोलत असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: कोणी केलं? अनुभवी सल्लागार हा प्रश्न बाजूला ठेवतो. त्याला पहिल्या तासात एवढंच हवं असतं की चोर अजून आत आहे का. कॉसमॉसचा घटनाक्रम पुन्हा वाचा. शनिवारी एटीएमच्या वाटेने पैसे गेले, त्यानंतर मधला एक दिवस गेला, आणि सोमवारी स्विफ्टच्या वाटेने पुन्हा गेले. एक वाट बंद झाली म्हणजे घुसखोर बाहेर पडला, असं गृहीत धरता येत नाही.

मग हाताचं काम सुरू होतं. संशयित यंत्राची नेटवर्कची वायर काढायची, पण वीज चालूच ठेवायची, कारण यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत जे असतं ते वीज गेली की पुसलं जातं. काही आधुनिक मालवेअर डिस्कवर मागमूस ठेवत नाहीत, तेवढ्या स्मृतीतच राहतात. तिची नक्कल आधी घ्यायची, मग डिस्कची. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशा उपकरणातून नक्कल काढायची आणि तिचा ‘हॅश’ काढून लिहून ठेवायचा. हॅश म्हणजे त्या संपूर्ण डिस्कमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली आकड्या-अक्षरांची एक ओळ. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हा हॅश नोंदवावा लागतो. तो चुकला तर महिनाभराच्या मेहनतीचा पुरावा वकील दहा मिनिटांत उडवतो.

यापुढचं काम घड्याळांचं. नवख्या माणसाला हे क्षुल्लक वाटतं, पण तपासातले सर्वाधिक तास इथेच जातात. एका सर्व्हरची नोंद भारतीय वेळेत असते, दुसऱ्याची ग्रीनिचच्या वेळेत. दुपारी तीनला निघालेले पैसे तिथे साडेनऊला निघालेले दिसतात. एटीएमच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं घड्याळ कोणीतरी दोन वर्षांपूर्वी लावलेलं असतं आणि ते अकरा मिनिटं पुढे असतं. फायरवॉलचं घड्याळ वीज गेली तेव्हा १९७० सालावर गेलेलं असतं. ही सगळी घड्याळं जुळवून एक सलग घटनाक्रम मांडायचा, आणि मग दिसतं की शनिवारच्या चोरीची पहिली पावलं कित्येक आठवडे आधी पडली होती. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सगळ्यांना आपली घड्याळं सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही. त्याच आदेशाने घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रांनी केलेल्या नोंदी, जपून ठेवणं बंधनकारक झालं. सहा तास फार कमी आहेत अशी तक्रार तेव्हा उद्योगांनी केली होती. माझ्या मते अडचण सहा तासांची नाही. लॉगच ठेवलेले नसतील तर सहा महिने मिळूनही कळवणार काय?

संकटनिवारणाचं हे काम थरारक आहे आणि तरुणांना तेच हवं असतं. पाचसहा वर्षं ते केलेला माणूस मात्र हळूहळू वैतागतो. थकवा हे एक कारण आहेच, पण खरा वैताग येतो तो तीच ती गोष्ट पुन्हा पाहून. कॉसमॉसच्याच बाबतीत पाहा. शुक्रवारी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने जगभरच्या बँकांना गोपनीय इशारा दिला होता की येत्या काही दिवसांत एटीएममधून एकाच वेळी मोठ्या रकमा काढण्याचा कट आहे. ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने १२ तारखेला तो जाहीर केला. इशारा शुक्रवारचा, चोरी शनिवारची. त्याही आधी, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेतून स्विफ्टद्वारे सुमारे २० लाख डॉलर पळवण्याचा प्रयत्न झाला होता. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं प्रकरण जगभर गाजलं होतं. तिथे चोरांनी ९५ कोटी १० लाख डॉलर मागितले, ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी अडले ते ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चोरांनी चुकवलं म्हणून. ती चोरी गुरुवारी रात्री सुरू झाली, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं होतं, वाचलं चोरांनी.

इथून सल्लागाराच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो. दरोड्यानंतर बोलावणं येण्याऐवजी आधीच जाऊन बसायचं. हे काम दिसायला अगदी निरस असतं. स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि कोअर बँकिंगमधून वजा झालेले व्यवहार यांचा ताळा दर पंधरा मिनिटांनी लागतो की दिवसाअखेरी? परदेशातून एका तासात किती वेळा पैसे निघाले तर यंत्रणा स्वतःहून थांबेल? स्विफ्टचा संगणक आणि शिपायाच्या टेबलावरचा संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का? तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्याचं लॉगिन अजून चालतं का? यातल्या कुठल्याही प्रश्नावर सिनेमा निघणार नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही बँकेत ‘दर पंधरा मिनिटांनी’ असं असेल, तर नकली स्विचची बारा हजार ०० पहिल्या काही शेकड्यांतच उघडी पडतात.

माझ्या ऐकण्यातला सर्वांत उपयोगी प्रतिबंधक उपाय तर संगणकाशिवाय होतो. सल्लागार संचालक मंडळाला सांगतो की येत्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता मी खोटी घंटा वाजवणार. त्या दिवशी फोन कोण उचलतो ते पाहायचं. माहिती-तंत्रज्ञान प्रमुख लग्नाला गेलेला असतो. स्विच पुरवणाऱ्या कंपनीचा आणीबाणीचा क्रमांक एका ईमेलमध्ये असतो, आणि ईमेल उघडायला ज्या सर्व्हरची गरज असते तोच बंद पडला आहे असं नाटकात धरलेलं असतं. सगळी एटीएम सेवा बंद करायचा हुकूम देण्याचा अधिकार कोणाला, यावर तर दोन सरव्यवस्थापकांची जुंपते. या एका दुपारनंतर बँकेत एक कागद छापला जातो: नावं, मोबाइल क्रमांक, पर्यायी माणूस, आणि अमुक वेळेत अमुक जण न भेटल्यास सेवा बंद करायचा अधिकार कोणाचा. तो कागद सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्येही लावतात. लाखो रुपयांच्या फायरवॉलपेक्षा मला तो कागद मोलाचा वाटतो.

कॉसमॉसनंतर नियमही आले. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी ती चार स्तरांत विस्तारली, म्हणजे ज्या बँकेचा डिजिटल पसारा जेवढा मोठा तेवढी बंधनं जास्त. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका देशात सर्वाधिक, त्यामुळे या परिपत्रकांनी सल्लागारांना कामही भरपूर दिलं. पण नियमांच्या कडेने नवी भोकं पडतातच. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या, लहान बँकांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा, हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं, आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक एटीएम आणि यूपीआयविना अडकले. त्या बँकांची स्वतःची काहीच चूक नव्हती. म्हणून आता प्रतिबंधाचं निम्मं काम आपल्या पुरवठादाराचा आणि त्याच्याही पुरवठादाराचा दरवाजा तपासण्याचं झालं आहे.

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. मी हे लिहितो आहे रायपूरच्या पुरानी बस्तीतून. महामाया मंदिर, जैतूसाव मठ, बुढातालाबच्या बाजूला उतरणाऱ्या गल्ल्या. भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी घरं आहेत, तात्यापारा आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. इथल्या मुलांना वाटतं की सायबर सुरक्षेचं काम म्हणजे हिंजवडी, बेंगळुरू किंवा थेट सिंगापूर. मला ते पटत नाही.

पुरानी बस्तीत सायबर गुन्हा ९४ कोटींच्या रूपात येत नाही. तो येतो भाड्याच्या खात्याच्या रूपात. कॉलेजातल्या पोराला कोणीतरी सांगतं, तुझं बचत खातं आम्हाला वापरायला दे, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील. पोलिसांच्या भाषेत हे ‘म्यूल’ खातं. मदुराईतल्या निवृत्त शिक्षकाला ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे फोनवरच्या बनावट अटकेची, भीती घालून लुबाडलेले पैसे या खात्यात येतात आणि काही मिनिटांत पुढच्या चार खात्यांत जातात. मग एक दिवस तमिळनाडूचे पोलीस दारात उभे राहतात आणि आईबापांना काही समजतच नाही. रायपूर पोलिसांनी २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सायबर शील्ड’ या नावाने अशी खाती देणाऱ्यांची आणि गोळा करणाऱ्यांची धरपकड केली. कोल्हापुरात कार्ड घेऊन उभ्या असलेल्या माणसाचाच हा धाकटा भाऊ. सूत्रधार कुठल्याही देशात बसलेला असो, त्याला गल्लीतला एक हात लागतोच.

दुसरं रूप रॅन्समवेअरचं. बळी असतात राईस मिलवाले, औषधांचे घाऊक व्यापारी, सीएची कार्यालयं. तक्रारीची भाषा ठरलेली असते.

‘अहो, काल संध्याकाळपर्यंत टॅली चालू होतं हो. आज सकाळी कंपनीच दिसत नाही.’

‘मशीनला कोणी हात लावलाय का?’

‘आमचा कम्प्युटरवाला आला होता ना. त्याने फॉरमॅट मारला. म्हणाला, व्हायरस होता.’

इथे तपास संपतो. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये .९०० किंवा .१८०० ने संपणाऱ्या फाइली असतात. हल्ल्यानंतर त्यांच्या नावापुढे एक नवं शेपूट लागलेलं दिसतं आणि शेजारी खंडणीची चिठ्ठी असलेली एक टेक्स्ट फाइल. त्या शेपटावरून कुठलं रॅन्समवेअर आहे ते ओळखता येतं आणि क्वचित त्याची चावी फुकट उपलब्ध असते. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही कंपन्यांसह २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अशा चाव्या ठेवलेल्या आहेत. फॉरमॅट मारला की शेपूटही गेलं, चिठ्ठीही गेली आणि पोलिसांना द्यायचा पुरावाही गेला. बॅकअप होता का, असं विचारलं तर होता, पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह कायम मशीनलाच लावलेला असतो, त्यामुळे त्याच्यावरच्या फाइलींनाही तेच शेपूट. आत शिरण्याची वाट बहुधा साधीच निघते: जीएसटीच्या तारखांना घरून काम करता यावं म्हणून उघडलेलं रिमोट डेस्कटॉप, ज्याचा पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३.

या कार्यालयांना पुण्याची मोठी सल्लागार कंपनी परवडणार नाही, आणि ती कंपनी इथे येणारही नाही. इथे लागतो तो दुकानात बसून, चहा घेत, मालकाला त्याच्या भाषेत पटवणारा माणूस. घरी मराठी, बाजारात हिंदी, गिरणीतल्या कामगारांशी छत्तीसगढी बोलणारा पुरानी बस्तीतला मुलगा या कामाला लाख पटींनी योग्य आहे, फक्त त्याने फॉरमॅट मारायचं सोडलं पाहिजे.

दुरुस्तीच्या दुकानातून या व्यवसायात येता येतं याचं उदाहरण मराठी माणसाला दूर शोधावं लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर शाळेनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. पुढे स्वतःचं दुकान काढलं, संगणक आले तसे तेही दुरुस्त करायला लागले. तेच ते संगणक व्हायरस लागून पुन्हा पुन्हा परत यायचे. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस साफ करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याचं ‘क्विक हील’ झालं. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचं नाव २००७ मध्ये बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. मला या कहाणीत गरिबीतून श्रीमंतीकडे जाणं फारसं महत्त्वाचं वाटत नाही, तो भाग प्रेरणादायी व्याख्यानांनी चावून चोथा केला आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की तेच यंत्र तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा दुकानदाराने तिसऱ्यांदा दुरुस्तीचं बिल फाडण्यावर समाधान मानलं नाही.

प्रतिबंध विकणं सोपं नसतं, हेही सांगायला हवं. संकटात बोलावलेल्या सल्लागाराशी कोणी भावाची घासाघीस करत नाही. वर्षभर काही घडू न देणाऱ्याला मात्र मार्चअखेरीला विचारलं जातं, ‘या वर्षी तर काहीच झालं नाही, मग तुमची फी कशाची?’ या प्रश्नाला ऐंशी पानी अहवाल हे उत्तर होत नाही. असे अहवाल कपाटात जातात, पुढच्या वर्षीचा लेखापरीक्षक ते काढून तारीख बदलतो. ज्यांचं या धंद्यात बस्तान बसलं त्यांना एक पान लिहिता येतं: तीन धोके, प्रत्येकाचा रुपयांतला अंदाज, आणि येत्या सोमवारी कोणी काय करायचं. शेजारच्या गावातल्या बँकेचं काय झालं ते नावगाव न घेता सांगता येतं. आणि अध्यक्षांना न दुखवता ‘तुमचाच पासवर्ड सगळ्यांत कच्चा आहे’ हे सांगता येतं, जे मला वाटतं सगळ्यांत अवघड.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. नेटवर्क कसं चालतं आणि लिनक्स कसं वापरायचं हे आधी शिका, हल्ल्याची हत्यारं नंतर. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचा माहिती-तंत्रज्ञान पायाभूत सुविधा आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. हल्ल्याची चाचणी घेणाऱ्यांसाठी ओएससीपी ही परीक्षा मानाची, कारण तिच्यात पर्याय निवडायचे नसतात, सुमारे चोवीस तास खरोखर यंत्रं फोडावी लागतात आणि मग अहवाल लिहावा लागतो. सल्लागारीकडे झुकणाऱ्यांना सीआयएसए आणि सीआयएसएसपी या परीक्षा उपयोगी पडतात. दुसरीला तर पाच वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे ती घाईची गोष्टच नाही. वाणिज्य शाखेच्या मुलांनी न्यूनगंड बाळगू नये. सीए संस्थेचा माहिती-प्रणाली लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रम आहे, आणि ताळा जुळत नाही हे ज्याला चटकन खुपतं तो या कामात बीई झालेल्यापेक्षा मागे पडत नाही. पहिली दोनतीन वर्षं बहुधा रात्रपाळीत, पडद्यावरच्या हजारो सूचनांतून खरी कुठली ते शोधण्यात जातील. त्यात कमीपणा मानू नका, पुढे घड्याळं जुळवायला हीच नजर उपयोगी येते.

सुरुवात ओळखीच्या एखाद्या दुकानापासून करा. त्यांचा बॅकअप खरोखर उघडतो का, हे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. रिमोट डेस्कटॉप बंद करा. फसवणूक झाली तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करायचा, हे गल्ल्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. पण यातलं काहीही करण्याआधी मालकाकडून लेखी परवानगी घ्या: कुठली यंत्रं, कुठल्या तारखा, काय तपासायचं, आणि खाली सही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ तुमचा हेतू विचारत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलात तर नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि लबाडी सिद्ध झाली तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.